खर्जातले वजन : नाशिकच्या मेटलप्रेमींसाठी काही निवडक अल्बम

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी अनेक वर्षे प्रेस विभाग सांभाळतो आहे, आणि म्हणूनच मेटल या जड, जोरकस गिटारसंगीतातील ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याची हकिगत मला फार जवळची वाटते. बर्मिंगहॅमच्या एका पत्र्याच्या कारखान्यात काम करणारा हा सतरा वर्षांचा मुलगा एका बँडबरोबर दौऱ्यावर जाण्यासाठी नोकरी सोडून निघाला होता. तो त्याचा कामाचा शेवटचा दिवस होता. सहकारी कामावर न आल्यामुळे त्याला सवय नसलेल्या यंत्रावर बसवण्यात आले आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबण्याचा हात नेमका तोच होता. आमच्याकडे दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, आणि हा नियम कोणत्या अनुभवांतून आला असेल हे त्या यंत्रासमोर उभे राहणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे त्याच्या कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजल्यामुळे जँगोची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो गिटार वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी शिंप्याच्या अंगुस्तानासारखी टोपणे घडवली, त्यांवर जुन्या जाकिटाचे चामडे चिकटवले आणि बोटांवर ताण कमी यावा म्हणून हलक्या तारा वापरायला सुरुवात केली. काही वर्षांनी त्याने त्या तारा सैलही केल्या. सुराची पट्टी खाली उतरली आणि गिटारचा आवाज खर्जात जाऊन बसला. 'मास्टर ऑफ रिअॅलिटी' हा १९७१ सालचा अल्बम मी पहिल्या शिफारशीच्या जागी ठेवतो, तो या कारणासाठी. या अल्बममधील अनेक गाण्यांत गिटार नेहमीच्या पट्टीपेक्षा तीन अर्धस्वर खाली लावलेली आहे आणि बँडमधील गीझर बटलरचा बेसही (खर्जाची गिटार) तिच्याबरोबर खाली आलेला आहे. 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह' किंवा 'इन्टू द व्हॉइड' ऐकताना जो भार जाणवतो, त्याचे मूळ या उतरलेल्या पट्टीत आहे. पुढे डूम, स्लज, स्टोनर अशा नावांनी मेटलचे जे जे उपप्रकार वाढले, त्यांचे बी याच चौतीस मिनिटांत पेरलेले सापडते.

बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला आणि मेटलची सुरुवात तेथून धरण्याचा प्रघात आहे. तो ऐकलाच पाहिजे यात शंका नाही, परंतु त्यात ब्लूजचे वळण अजून बरेच शिल्लक आहे. ज्याला एकच अल्बम ऐकून हे संगीत नेमके काय आहे ते समजून घ्यायचे असेल, त्याने तिसऱ्यापासून, म्हणजे वर सांगितलेल्या १९७१ सालच्या अल्बमपासून, सुरुवात करावी असे माझे स्पष्ट मत आहे. आणखी एक विनंती. त्यातील 'एम्ब्रिओ' आणि 'ऑर्किड' हे छोटे वाद्यतुकडे कृपा करून गाळू नयेत. दोन जड गाण्यांच्या मध्ये कानाला मिळणारा तो विसावा वगळला, तर पुढच्या गाण्याचा घाव पूर्ण बसत नाही. ५ जुलै २०२५ रोजी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथच्या मूळच्या चौघांनी शेवटचे एकत्र वाजवले आणि त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी गायक ऑझी ऑस्बर्न गेला. त्या आठवड्यात मी कारखान्याच्या बसमध्ये जाता-येता हा एकच अल्बम ऐकत होतो.

मेटलविषयी आपल्याकडे नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा की हा नुसता गोंगाट आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाने तसे म्हटले तर मी समजू शकतो, परंतु नाशिककराने तसे म्हणू नये. आपल्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा ढोल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. विसर्जनाची मिरवणूक मेन रोडवरच्या चिंचोळ्या भागात शिरली की दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आदळून परत येणारा तो ठेका कानांच्या आधी छातीत ऐकू येतो. एका पानावर टिपरू, दुसऱ्या पानावर हाताची थाप आणि वरून ताशाची तर्री, असा तो सगळा बांधलेला असतो, आणि त्यात कुठेही गोंधळ नसतो. पन्नास ढोलांतला एक जरी मागे पडला तरी पथकाच्या प्रमुखाला ते तत्काळ कळते. ज्या कानांनी हे पचवले आहे, त्यांना डबल पेडलचा, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या ड्रमचा, मारा परका वाटण्याचे कारण नाही.

या दृष्टीने सेपुल्तुरा या ब्राझीलच्या बँडचा 'रूट्स' हा १९९६ सालचा अल्बम नाशिकच्या श्रोत्यासाठी मी विशेष आग्रहाने सुचवतो. बेलो होरिझोन्ते शहरातील ही मुले तोवर थ्रॅश हा मेटलचा वेगवान प्रकार वाजवून जगभर नावारूपास आली होती. या अल्बममध्ये त्यांनी वेग मुद्दाम कमी केला, गिटार खाली उतरवल्या आणि आपल्या देशातील तालवाद्यांना मधोमध जागा दिली. 'इत्सारी' हा तुकडा त्यांनी शावांते या आदिवासी जमातीच्या वस्तीत जाऊन, त्या लोकांबरोबर बसून ध्वनिमुद्रित केला. 'रातामाहात्ता' या गाण्यात कार्लिन्योस ब्राउन यांचे तालवाद्य आणि आवाज आहे, तर ईगोर कावालेराचे ड्रम ऐकताना हा माणूस कोणत्या तरी मिरवणुकीत वाढलेला असावा असे मला दरवेळी वाटते. अल्बमचा दोषही सांगितला पाहिजे. तो लांबला आहे, आणि शेवटच्या तिसऱ्या भागात एकाच धाटणीचे रिफ (गिटारचे आवर्ती तुकडे) पुन्हा पुन्हा येत राहतात. पहिली आठ-नऊ गाणी मात्र निर्दोष आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस गायक मॅक्स कावालेरा बँडमधून बाहेर पडला आणि तो सूर त्या बँडला पुन्हा तसा लागला नाही.

गोष्ट सांगणारे मेटल ज्यांना हवे असेल त्यांच्यासाठी आयर्न मेडनचा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४) आहे. स्टीव्ह हॅरिसच्या बेसवर घोड्याच्या टापांसारखी धावणारी लय आणि तिच्यावर जोडीने चालणाऱ्या दोन गिटार, हे या बँडचे मूळ भांडवल आहे. या अल्बममधील शेवटचे गाणे इंग्रज कवी कोलरिजच्या खलाशाच्या दीर्घ कवितेवर रचलेले असून ते पावणेचौदा मिनिटांचे आहे. आपल्याकडे कीर्तनकार उत्तररंगात आख्यान लावतो, मध्येच गाणे थांबवून एखादा श्लोक संथपणे म्हणतो आणि मग टाळ-मृदंगासह पुन्हा उचल घेतो, तसाच त्याचा बांधा आहे. मध्यभागी सगळे वाजवणे थांबते, जहाजाच्या लाकडाची करकर तेवढी उरते आणि कवितेच्या ओळी नुसत्या बोलल्या जातात. १ फेब्रुवारी २००८ रोजी या बँडचा मुंबईत कार्यक्रम झाला, तेव्हा आम्ही चौघे मित्र कसारा घाट उतरून तेथे गेलो होतो. ते गाणे त्या शांत भागाशी येऊन थांबले, तेव्हा एवढ्या मोठ्या गर्दीत शेजारच्या माणसाचा श्वास ऐकू येत होता.

मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) बहुतेकांनी ऐकलेला असतो, म्हणून त्यावर फार लिहीत नाही. ज्यांनी केवळ शीर्षकगीत ऐकले आहे त्यांनी 'ओरायन' हे शब्दविरहित गाणे शांतपणे, चांगल्या हेडफोनवर ऐकावे, कारण बेस हे वाद्य या संगीतात किती उंची गाठू शकते हे क्लिफ बर्टनने तेथे दाखवून दिले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील बस अपघातात तो गेला. त्यानंतरच्या १९८८ सालच्या अल्बममध्ये बेस इतका दबलेला आहे की तो जवळजवळ ऐकूच येत नाही. गाणी उत्तम असूनही तो अल्बम मी नव्या श्रोत्याला देत नाही. स्लेयरचा 'रेन इन ब्लड' (१९८६) ज्याला वेग हवा आहे त्याने जरूर घ्यावा. दहा गाणी एकोणतीस मिनिटांत संपतात, आणि सातपूरहून नाशिक रोडला परतताना द्वारकेचा चौक ओलांडेपर्यंत तो माझा पूर्ण ऐकून झालेला असतो.

गुरगुरत्या आवाजामुळे अनेक जण डेथ मेटलच्या वाटेला जात नाहीत. त्यांनी डेथ या बँडचा 'सिम्बॉलिक' (१९९५) ऐकून पाहावा. गायक चक शुल्डिनरचे शब्द त्या आवाजातही बऱ्यापैकी स्पष्ट उमटतात, गिटारच्या ओळी गुणगुणता येतात आणि जीन होग्लनचे ड्रम तर स्वतंत्रपणे अभ्यासावेत असे आहेत. मेंदूतील गाठीमुळे शुल्डिनर २००१ साली, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला. हा अल्बम ऐकला की त्या नुकसानीचे माप लक्षात येते.

आपल्या देशातील बँडचाही विचार केला पाहिजे, आणि तो केवळ आपले म्हणून नव्हे. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ साली 'दशावतार' हा अल्बम काढला, त्यात मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवतारावर एक अशी दहा गाणी आहेत. विषय आपल्या घरातला असल्यामुळे हा अल्बम माझ्या आईनेही काही वेळ ऐकला आणि कोणते गाणे कोणत्या अवताराचे हे तिने विचारून घेतले. बंगळूरच्या क्रिप्टोसचा 'आफ्टरबर्नर' (२०१९) हा जुन्या, सरळ आणि गिटारप्रधान हेवी मेटलचा नेटका नमुना आहे. दिल्लीच्या ब्लडीवुडचा 'रक्षक' (२०२२) ढोलामुळे पहिल्या ऐकण्यातच पकड घेतो, पण माझ्या मते त्यात ढोल बहुतेक वेळा सजावटीसारखा येतो. सेपुल्तुराने तालवाद्यांना जशी गाण्याच्या पायात जागा दिली, तशी येथे ती मिळालेली नाही. आणखी एका अल्बमचा उल्लेख करतो. चेक प्रजासत्ताकातील कल्ट ऑफ फायर या बँडने २०१३ साली 'मृत्यु का तापसी अनुध्यान' असे देवनागरीत नाव दिलेला ब्लॅक मेटल अल्बम काढला. भाषेची जुळणी थोडी अवघडलेली असली तरी त्यातील संथ, स्मशानशांत वातावरण खरे आहे.

आता ज्या अल्बमसाठी हे सगळे लिहायला घेतले त्याकडे येतो. मेशुगा या स्वीडनच्या बँडचा 'ऑबझेन' २००८ साली आला. ही मंडळी आठ तारांची गिटार वाजवतात, त्यामुळे खर्ज आयोमीच्याही बराच खाली जातो. परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य तालात आहे. ड्रमवादक तोमास हाके उजव्या हाताने झांजेवर चार मात्रांची सरळ चाल धरून ठेवतो, आणि त्याच वेळी त्याचे पाय गिटारबरोबर वेगळ्याच लांबीचा तुकडा वाजवत असतात. समजा, तो तुकडा पाच मात्रांचा आहे. मग दर आवर्तनात तो झांजेपासून एक मात्रा पुढे सरकत जातो आणि वीस मात्रांनी दोघे पुन्हा एकत्र येतात. त्यांचे तुकडे यापेक्षा बरेच लांब आणि आडवळणाचे असतात, आणि पुष्कळदा शेवटचा तुकडा मध्येच तोडून ते मोठ्या आवर्तनाच्या समेवर येऊन पडतात. ज्याने तबल्याची तिहाई एकदा तरी बोटांवर मोजली आहे, त्याला या खेळात काय चालले आहे ते पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

आमच्या विभागात आयटीआय करून आलेला एक शिकाऊ मुलगा आहे. तो पंचवटीतील एका ढोल पथकात वाजवतो. मी त्याला या अल्बममधील 'ब्लीड' हे गाणे ऐकायला दिले. पहिल्या वेळी त्याने हेडफोन काढून ठेवले आणि काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने ते स्वतःहून मागून घेतले, डबा बाजूला सारला आणि टेबलावर डाव्या हाताच्या तर्जनीने सरळ चार मात्रा धरून उजव्या हाताच्या दोन बोटांनी पायांचा तुकडा वाजवायचा प्रयत्न सुरू केला. पाच-सहा वेळा तो चुकला. मग एका जागी दोन्ही हात बरोबर खाली आले, तो थांबला आणि म्हणाला, "सर, सम इथे आहे. मधे ते फसवतात, पण सोडत नाहीत." मी अनेक वर्षे हे गाणे ऐकतो आहे, परंतु त्याविषयी इतके नेमके मला कधी बोलता आले नव्हते.

ऐकण्याच्या साधनांविषयी एक सूचना करणे आवश्यक वाटते. बेस वाढवून विकले जाणारे छोटे ब्लूटूथ स्पीकर या संगीताला मारक आहेत, कारण त्यांत पायाचा ड्रम आणि खर्जातील गिटार एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो आणि 'ऑबझेन'सारख्या अल्बममध्ये जे ऐकायचे तेच हरवते. साध्या वायरच्या, बेस न वाढवणाऱ्या हेडफोनवर हे सर्व अल्बम उत्तम ऐकू येतात. सीडी विकत घेणाऱ्यांनी पार्सल उघडताना आधी डबीच्या आतील, सीडी धरून ठेवणारे दात पाहावेत. ऑनलाइन मागवलेल्या माझ्या दोन सीडी त्या तुटलेल्या दातांनी चरे पडून आल्या, आणि विक्रेत्याने त्या बदलून दिल्या नाहीत.

त्या मुलाला मी आता मेशुगाचाच २००५ सालचा 'कॅच थर्टीथ्री' दिला आहे. सत्तेचाळीस मिनिटांची ती एकच सलग रचना आहे, तेरा भागांत विभागलेली. मागच्या सोमवारी तो बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसला, तेव्हा त्याच्याकडे पाठकोरा जॉबकार्डाचा कागद होता आणि त्यावर पेन्सिलीने मात्रांच्या उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. तिसऱ्या भागापर्यंत त्याची मोजणी जुळली होती. चौथ्यासाठी त्याने माझी मदत मागितली, आणि द्वारका येईपर्यंत आम्ही दोघे मिळून तो भाग चार वेळा ऐकला.