जीपार्टेड : सी ड्राइव्ह वाढला, एकही पत्रिका गेली नाही

महाल भागात माझं डीटीपीचं काम आहे. १४ वर्षांच्या लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सगळं एकाच १ टीबीच्या डिस्कवर. विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. त्यातले सी ला जेमतेम १००, बाकी डी ला. ऐन लग्नसराईत सी भरून लाल झाला अन् फाईल सेव्ह होईना.

मागे एका दुरुस्तीवाल्याकडे हेच काम दिलं होतं. त्यानं न विचारता सगळं फॉरमॅट करून पार्टिशन, म्हणजे डिस्कचे सी, डी असे भाग पाडले. दोन वर्षांची मेहनत गेली, ते अजून डोक्यातून जात नाही. म्हणून यावेळी जीपार्टेड हे पार्टिशन लहान-मोठे करायचं सॉफ्टवेअर स्वतःच वापरलं. फुकट आहे, पेनड्राइव्हवर टाकायचं अन् कॉम्प्युटर त्यावरूनच सुरू करायचा.

विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट डी ला शेवटाकडूनच कापतं. ती मोकळी जागा डी च्या पलीकडे पडते, सी ला जोडता येत नाही. जीपार्टेड अख्खा डी पुढे सरकवतं, म्हणून जागा सी ला लागूनच मिळते.

मला सर्वांत भावली ती जीपार्टेडच्या खिडकीतली खालची यादी. तुम्ही सांगाल ते आधी तिथे लिहिलं जातं. अप्लाय दाबेपर्यंत डिस्कला धक्का नाही. छपाईआधी प्रूफ वाचते तशीच मी ती वाचली. दुसऱ्या वाचनात दिसलं, वर कोपऱ्यात एसडीए, म्हणजे कामाच्या डिस्कऐवजी एसडीबी, म्हणजे माझी बॅकअपची डिस्क निवडलेली! यादी रद्द केली, ती डिस्क काढून कपाटात ठेवली, मग नव्यानं सुरुवात. तुम्हीही बॅकअप घेतला की त्यातल्या चार-पाच फाईली उघडून बघा अन् डिस्क काढूनच ठेवा.

आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावा म्हणून कॉम्प्युटर अर्धवटच बंद करणारी सोय) बंद करून कॉम्प्युटर पूर्ण शटडाऊन करा, नाहीतर विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या पार्टिशनला हात लावता येत नाही. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचा डिस्कला लावलेला कुलूपबंद पहारा, चालू असेल तर तोही आधी काढा.

वेळ मात्र भरपूर लागतो. माझं रात्री नऊला सुरू झालेलं सकाळी सहाला संपलं. डेटा सरकताना लाईन गेली तर पार्टिशन हातचं जाऊ शकतं, अन् मे महिन्यात आमच्याकडे लाईनचा भरवसा नाही. म्हणून कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर घेतला, कूलरसुद्धा बंद ठेवला, अन् रात्रभर उकाड्यात जवळच बसले.

सी आता २०० जीबी. सकाळी सर्वांत जुनी पत्रिका उघडली. अक्षरन् अक्षर जागेवर होतं.