आयेशा की झोया?

भाच्याला मुलगी झाली. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या जावळाचा आणि नावाचा विधी, आणि नावावरून घरात दोन तट पडले. आजीला आयेशा हवं, आईला झोया. ‘फुप्पू (आत्या), तुम्ही शाळेत बाई होता, तुम्हीच सांगा,’ म्हणत निकाल माझ्या गळ्यात आला. परभणी जिल्ह्यातल्या शाळांत हजेरी घेण्यात माझी उमर गेली, दोन्ही नावं मी पुष्कळदा पुकारलीत.

अर्थावरून ठरवायला जाल तर अडकाल, कारण दोन्हींचा अर्थ एकाच जागी जातो: जगणं.

आयेशा अरबी. मूळ शब्द ‘ऐश’, त्यावरून आयेशा म्हणजे जिवंत असलेली, जगणारी. आपण ‘ऐश चाललीय लेकाची’ म्हणतो, तो ऐश हाच. अरबीत तो साधा जगण्याचा शब्द, आपल्याकडे येईपर्यंत चैनीचा झाला. इजिप्तमध्ये तर लोक रोजच्या भाकरीलाच ऐश म्हणतात, आणि मला तो अर्थ जास्त आवडतो. हजरत आयेशा या अबू बक्र यांच्या कन्या, पैगंबरांच्या पत्नी. दोन हजारांहून जास्त हदीस, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या आठवणी, त्यांच्या नावे सांगितल्या जातात. आजीचा हट्ट तिथून आलाय, त्यात वावगं काही नाही.

झोया ग्रीक ‘झोई’वरून, म्हणजे जीवन. हे रूप रशियन. 1941 साली नाझींनी फाशी दिलेली अठरा वर्षांची झोया कोस्मोदेम्यान्स्काया याच नावाची. गंमत म्हणजे ग्रीक झोई आणि आपला ‘जीव’ एकाच जुन्या मुळाचे, म्हणजे हे नाव आपल्याला तसं लांबचं नाहीच. नेटवरच्या याद्यांत झोयाचा अर्थ ‘प्रकाश’ दिसेल. तो झियाचा. झिया अरबी, आणि उर्दूत दोघींचं पहिलं अक्षरसुद्धा वेगळं.

‘अरबी नाही मग कसं चालेल?’ हा प्रश्न येतोच. परवीन, शहनाज, शबनम कुठं अरबी आहेत? फारसी नावं, तीनही आमच्याच घरात.

राहिली राबिया, तिसऱ्या चुलतीची सूचना. बीबी का मकबरा जिच्यासाठी बांधला त्या दिलरस बानूंचा किताब राबिया-उद-दौरानी, म्हणून नाव आपल्या भागात ओळखीचं. पण राबिया म्हणजे चौथी. पहिल्याच पोरीला चौथी म्हणायचं का, ते त्यांनी ठरवावं.

खरा घोळ कागदावर होतो. आमच्याकडे हजेरीपटात ‘शेख आयेशा शेख अमुक’ असं लिहितात. एका वर्गात अशा तीन आयेशा, म्हणून मोठी, छोटी आणि खिडकीजवळची. त्यात आयशा, आयेशा, आएशा, वर कुणीतरी मायेनं जोडलेलं ‘बी’. माझ्या चुलत बहिणीच्या टीसीवर आयेशाबी, रेशनकार्डावर चक्क आशा. पेन्शनच्या वेळी दोन बायका एकच आहेत हे पटवताना तिच्या चपला झिजल्या.

झोयाला इंग्रजीत सहसा एकच स्पेलिंग. मराठीत झोपेतला झ बरोबर बसतो, नुक्त्याची, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाची, गरज नाही. हिंदी कागदावर मात्र नुक्ता गळाला की जोया होते. आणि वर्गातली पोरं तिला ‘झोप्या’ म्हणणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

घरात आयेशा नावाचं कुणी नसेल, तर मी डोळे झाकून आयेशा म्हटलं असतं. भाच्याच्या घरात मात्र आधीच दोन आहेत, म्हणून माझं मत झोयाला. आजीला राग आलाय. शेवयांचा डबा दोन दिवस इकडे फिरकला नाही.

वेळ आहे अजून. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची, पण नाव नंतर घालता येतं, पहिल्या वर्षात तर फी न भरता. दारात उभं राहून दोन्ही नावांनी हाक मारून बघा, ‘ए आयशे’, ‘ए झोये’. आणि जे ठरेल ते मराठीत, उर्दूत, इंग्रजीत एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा. फॉर्म भरणाऱ्याला तोंडी सांगू नका, चिठ्ठी पुढे करा.