सांडपाणी ऑपरेटरची परीक्षा आणि सॅक्रामेंटोचा अभ्यासक्रम : एक परीक्षण

कॅलिफोर्नियात नगरपालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र चालवायचे असेल, तर राज्याच्या जलसंसाधन नियंत्रण मंडळाचे ऑपरेटर प्रमाणपत्र लागते. या प्रमाणपत्राच्या पाच श्रेणी आहेत आणि प्रत्येक श्रेणीसाठी स्वतंत्र परीक्षा आहे. या परीक्षेच्या तयारीसाठी इथले बहुतेक ऑपरेटर ज्या अभ्यासक्रमाचे नाव सर्वांत आधी घेतात, तो सॅक्रामेंटोच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतील ‘ऑफिस ऑफ वॉटर प्रोग्राम्स’चा दूरस्थ अभ्यासक्रम. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक शुद्धीकरण केंद्रावर काम केल्यानंतर मी इथल्या परीक्षेसाठी तो पूर्ण केला. त्यामुळे हे परीक्षण मुख्यतः अशा वाचकांसाठी आहे, ज्यांना ईटीपी (कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र) किंवा एसटीपीच्या (घरगुती मैलापाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या) कामाची सवय आहे, पण अमेरिकेतल्या परीक्षेची पद्धत नवी आहे.

अभ्यासक्रमाचे स्वरूप साधे आहे. नाव नोंदवायचे, जाडजूड मार्गदर्शक पुस्तक वाचायचे आणि आपल्या सवडीने एकेक प्रकरण संपवून त्याची चाचणी द्यायची. चाचणी देताना पुस्तक उघडे ठेवण्यास मुभा आहे. शेवटी मिळणारा दाखला विद्यापीठाचा असतो. तो म्हणजे राज्याचे प्रमाणपत्र नव्हे. परीक्षेला बसण्यासाठी राज्य जी शैक्षणिक पात्रता मागते, तिच्यात हा अभ्यासक्रम धरला जातो, आणि अनेकांच्या दृष्टीने त्याचा पहिला उपयोग हाच असतो. माझ्या मते मात्र त्याचे खरे मोल पुस्तकाच्या लेखनपद्धतीत आहे.

हे पुस्तक पाळीवर उभ्या असलेल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे. महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकात ॲक्टिव्हेटेड स्लजचे (हवा देऊन वाढवलेल्या जिवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करण्याच्या पद्धतीचे) प्रकरण समीकरणांनी सुरू होते. इथे ते एअरेशन टँकच्या (हवा देण्याच्या टाकीच्या) पृष्ठभागावर काय दिसते, फेसाचा रंग कोणता आहे, क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसवण्याच्या टाकीच्या) वियरवरून, म्हणजे पाणी बाहेर पडण्याच्या काठावरून, काय वाहून जात आहे, अशा निरीक्षणांपासून पुढे सरकते. दर काही पानांनंतर छोटे प्रश्न येतात आणि त्यांची उत्तरे प्रकरणाच्या शेवटी असतात. शेवटच्या शब्दसूचीत कठीण तांत्रिक शब्दांचे अर्थ सोप्या इंग्रजीत दिले आहेत, ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे अशा वाचकाला तिचा मोठा आधार होतो.

सेटलिंग टेस्टचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे प्रत्येक ऑपरेटर ती रोज करतो : एअरेशन टँकमधले सॅम्पल भांड्यात घेऊन अर्धा तास स्थिर ठेवायचे आणि गाळ किती मिलिलिटरवर बसला तो आकडा लॉगबुकात लिहायचा. लिटरमागे २४० मिलिलिटर गाळ बसला आणि एमएलएसएस (एअरेशन टँकमधल्या मिश्रणात तरंगणारे घन कण) २,४०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिलिलिटर जागा घेतो तो आकडा) १०० येतो, म्हणजे गाळ चांगला बसतो आहे. बहुतेक ठिकाणी काम इथेच संपते. पुस्तक मात्र भांडे तसेच राहू द्यायला सांगते. चांगला बसलेला गाळ तासा-दोन तासांनी ढेकळासारखा वर आला आणि हलकेच ढवळल्यावर बुडबुडे सुटून पुन्हा खाली गेला, तर गाळात नायट्रेटचे विघटन होऊन नायट्रोजन वायू तयार होत आहे, असे समजावे. अशा वेळी क्लॅरिफायरमधला गाळ तिथे फार वेळ न ठेवता रिटर्न स्लजचे (एअरेशन टँकमध्ये परत पाठवायच्या गाळाचे) प्रमाण वाढवणे हा एक उपाय ठरतो. याउलट गाळ मुळात बसतच नसेल आणि एसव्हीआय चढत असेल, तर दुखणे तंतुमय जिवाणूंचे असण्याची शक्यता जास्त, आणि मग विरघळलेला ऑक्सिजन, पोषकद्रव्ये, पीएच यांच्याकडे पाहावे लागते. दोन्ही वेळी क्लॅरिफायरमधून गाळ वाहून जाताना दिसतो, पण उपचार वेगळे आहेत. परीक्षेतले प्रश्न नेमके या फरकावर बेतलेले असतात.

याच्या तुलनेत, फोनवर सराव करण्यासाठी मी विकत घेतलेला एक प्रश्नसंच फारच तोकडा वाटला. त्यात प्रश्न भरपूर होते, पण उत्तर म्हणून फक्त पर्यायाचे अक्षर मिळत असे. ते बरोबर का आणि बाकीचे पर्याय चूक का, याबद्दल एक ओळही नव्हती. वर येणाऱ्या गाळाबद्दलच्या एका प्रश्नाला त्यात ‘हवा वाढवा’ हे उत्तर दिले होते आणि कोणत्या परिस्थितीत ते लागू पडते याचा उल्लेख नव्हता. असे प्रश्नसंच परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वेग तपासण्यापुरते वापरावेत, अभ्यास त्यांच्यावर उभा करू नये.

भारतातून आलेल्या माणसाला सर्वांत जास्त कष्ट एककांसाठी पडतात. आपण एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) आणि मिलिग्रॅम प्रति लिटर यांचा सरळ गुणाकार केला की प्रदूषणाचा भार किलोग्रॅम प्रतिदिन मिळतो. इथे प्रवाह दिवसाला दशलक्ष गॅलनांत (एमजीडी) आणि भार पौंडांत मोजतात, आणि एक गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पौंड असल्यामुळे प्रत्येक गणितात हा ८.३४ येतोच. प्रवाह २ एमजीडी आणि बीओडी (सांडपाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) २०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर २ × २०० × ८.३४ म्हणजे ३,३३६ पौंड प्रतिदिन. हेच आपल्या पद्धतीने ७.५७ एमएलडी × २००, म्हणजे सुमारे १,५१४ किलोग्रॅम. टाकीचे आकारमान घनफुटांत काढून ७.४८ ने गुणले की गॅलन मिळतात : ६० फूट लांब, २० फूट रुंद आणि १० फूट खोल टाकीत ८९,७६० गॅलन पाणी मावते आणि १ एमजीडी प्रवाहाने ती भरायला सुमारे २.१५ तास लागतात. पुस्तकाच्या गणिताच्या परिशिष्टात अशी उदाहरणे पायरीपायरीने सोडवून दाखवली आहेत. ते परिशिष्ट शेवटी असले तरी वाचायला तिथूनच सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे. दरवेळी मेट्रिकमध्ये बदलून पुन्हा पौंडांत येण्याची सवय ठेवली, तर परीक्षेत वेळ पुरत नाही.

मानकांच्या बाबतीतही डोक्यातली जुनी नोंद बदलावी लागते. आपल्याकडे बीओडी ३ दिवस २७ अंश सेल्सिअसला ठेवून मोजतात, तर इथे ५ दिवस २० अंशांना. आपण कन्सेंटमधली (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रातली) मर्यादा पाळली की झाले असे समजतो, पण इथल्या द्वितीय स्तराच्या (जैविक) शुद्धीकरणाला दोन अटी एकदम लागू होतात : बीओडी आणि निलंबित घनपदार्थ, दोन्हींची मासिक सरासरी ३० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत हवी आणि किमान ८५ टक्के घटही झाली पाहिजे. येणाऱ्या पाण्याचा बीओडी २०० असेल तर ३० ला दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण होतात. पण तो १५० असेल तर ३० वर घट फक्त ८० टक्केच होते आणि २२.५ पर्यंत खाली यावे लागते. पावसाळी पाणी गटारात शिरून सांडपाणी पातळ झाले की केंद्र अडचणीत का येते, हे या एका गणितावरून कळते.

सुरक्षिततेचा भाग मला या अभ्यासक्रमातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि भारतातल्या प्रत्येक केंद्रावर तो मराठीत भिंतीवर लावावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. मॅनहोलमध्ये किंवा बंद टाकीत उतरण्यापूर्वी आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू आणि मग विषारी वायू, या क्रमाने हवा तपासायची, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी असेल तर उतरायचे नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (दशलक्ष भाग हवेत १०० भाग) आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास थांबल्यामुळे धोका टळला असे वाटते. गटारात उतरलेला कामगार दगावला आणि त्याला वाचवायला गेलेला दुसराही गेला, अशा बातम्या आपण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाचत आहोत. ते दुसरे मरण टाळण्यासाठी इथे बाहेर उभ्या असलेल्या माणसाचे काम काय, हेही प्रश्न विचारून पक्के करून घेतात.

उणिवाही आहेत. पुस्तक देशभरासाठी लिहिलेले असल्यामुळे राज्याचे नियम वेगळे वाचावे लागतात. ट्रिकलिंग फिल्टर (दगड किंवा प्लॅस्टिकच्या थरावरून सांडपाणी झिरपवून शुद्ध करणारी यंत्रणा) आणि शुद्धीकरण तळी यांवरची प्रकरणे औद्योगिक केंद्रातून आलेल्यांना लांबलचक वाटतील, तरी ती टाळू नयेत, कारण प्रश्न त्यांवरही येतात. पहिल्या दोन श्रेणींसाठी पुस्तकाचा पहिला खंड मन लावून केला तरी बरीच तयारी होते. गाळाचे पचन आणि मोठ्या केंद्रांतले नियंत्रण यांसाठी, म्हणजे तिसऱ्या श्रेणीपासून, दुसऱ्या खंडाला पर्याय नाही.

परीक्षेत सूत्रांचा कागद मिळतो, म्हणून पुष्कळजण सूत्रांकडे दुर्लक्ष करतात. तो कागद आधीच छापून घ्यावा आणि सरावाची सगळी गणिते फक्त त्याच्याच आधारे सोडवावीत, म्हणजे कोणते सूत्र कुठे आहे आणि त्यात प्रवाह एमजीडीत घालायचा की गॅलन प्रति मिनिटात, हे शोधण्यात परीक्षेचा वेळ जाणार नाही.