यकृताची शीर की गाठ? आधी डॉपलर की थेट सीटी?

पोटात पाणी झालंय, यकृत सुजलंय आणि हातातल्या चिठ्ठीवर नुसतं 'सोनोग्राफी, पोट' लिहिलंय. पहिली गोची इथंच होते. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी लावलेल्या कुठल्याही सेंटरात साधी सोनोग्राफी होते. पण तिच्यात शिरा नुसत्या काळ्या नळ्या दिसतात. आतलं रक्त वाहतंय का आणि कुठल्या दिशेनं, हे डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफीच सांगते. म्हणून चिठ्ठीवर 'यकृताच्या शिरांचा कलर डॉपलर' असं लिहून घ्या.

शिरेच्या प्रश्नाला माझं मत डॉपलरच्या बाजूनं. यकृतातलं रक्त उजव्या, मधल्या आणि डाव्या शिरेतून महानीलेत, म्हणजे हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत उतरतं. हा रस्ता बंद झाला की त्याला बड-कियारी म्हणतात. बरगड्यांखाली गार जेल लागतं, 'श्वास घ्या, धरून ठेवा' होतं आणि पडद्यावर हृदयाच्या ठोक्याबरोबर वरखाली होणारी लाट दिसते. शीर तुंबली असेल तर लाट सपाट होते, उलटी वाहते किंवा दिसतच नाही. आजूबाजूला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वाटा फुटलेल्या असतात. मात्र सिरॉसिसमध्येही (यकृत आकसून कडक होण्याचा आजार) लाट सपाट होते, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नये. पोटात गॅस असला, माणूस स्थूल असला की चित्र धूसर येतं. सहा तास उपाशी राहायला सांगतात ते यासाठीच. आणि खरं सांगायचं तर मशीनपेक्षा हात महत्त्वाचा.

सीटीत महानीला पूर्ण दिसते. स्टेंट (शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकायचा असेल तर हा नकाशा लागतोच. पण रेडिएशन आहे, शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे फोटोत उठून दिसणारं औषध, द्यावं लागतं, आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघावं लागतं. वर, फोटो घाईनं काढला तर कॉन्ट्रास्ट न पोचलेली चांगली शीरही बंद वाटते.

गाठीचं गणित वेगळं. सोनोग्राफी गाठ शोधते. पाण्याची गाठ असेल तर ओळखतेही. घट्ट गाठीला नाव देणं तिच्या आवाक्याबाहेरचं. सिरॉसिसच्या रुग्णात दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करतात; गाठ १ सेंटिमीटर किंवा मोठी निघाली तर तीन टप्प्यांचा सीटी किंवा एमआरआय. कॉन्ट्रास्ट जाताच गाठ उजळली आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडली, तर कॅन्सरचा संशय बळावतो.

बड-कियारीत मात्र हाच नियम फसवतो. शिरेतून निचरा होत नसल्यानं धमनीचं रक्त वाढतं आणि साध्या, निरुपद्रवी गाठीही तशाच उजळतात. काही तर फिक्याही पडतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या सीटी रिपोर्टात 'कॅन्सर' हा शब्द वाचला तरी लगेच हाय खाऊ नका. एमआरआय, रक्तातलं एएफपी (यकृताच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारं प्रथिन), काही महिन्यांनी पुन्हा तपासणी, गरज पडल्यास सुईनं तुकडा, असा लांबचा रस्ता डॉक्टर घेतात, आणि तो बरोबर आहे.

डॉपलरच्या रिपोर्टात तिन्ही शिरांची नावं, महानीला आणि प्रवाहाची दिशा लिहिलेली नसेल, तर पैसे दिलेत तरी डॉपलर झालाच नाही असं समजा आणि तिथंच परत जाऊन विचारा.