डिस्क 'गेली' म्हणणाऱ्यांनो, आधी मॅन्युअल बघा (4/5)

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर पहिल्या मजल्यावरचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मदरबोर्डवरच्या दुसऱ्या एम.2 स्लॉटमध्ये (छोट्या पट्टीसारख्या डिस्कची खाच) नवीन एसएसडी बसवला आणि बायोसमधून (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमधून) जुनी 2 टीबीची हार्ड डिस्क गायब! घराजवळच्या दुकानदाराने 'डिस्क गेली, नवीन घ्या' म्हणून हात वर केले होते. इथल्या काकांनी डिस्क काढलीसुद्धा नाही. टॉर्च मारून मदरबोर्डचं मॉडेल वाचलं, मोबाइलवर मॅन्युअल उघडलं आणि बारीक अक्षरातली ओळ माझ्यापुढे धरली: दुसरा एम.2 वापरात असेल तर साटा 5 आणि 6 (हार्ड डिस्कची केबल लावायचे पोर्ट) बंद. दोघांची लेन, म्हणजे डेटाची वाट, एकच. केबल साटा 1 ला लावली, डिस्क हजर.

कॅप्चर कार्ड (बाहेरचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं कार्ड) कुठे बसेल, तेही विचारून घेतलं. माझ्या जाडजूड ग्राफिक्स कार्डाने छोटा स्लॉट पार झाकलाय. खालचा लांब स्लॉट दिसायला सोळा लेनचा, पण लेन चारच. कॅप्चर कार्डाला त्या पुरतात, काका म्हणाले. रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायची जोडकेबल) गळ्यात मारली नाही, हे विशेष.

घेतले 300 रुपये. बिल मात्र मागितल्याशिवाय देत नाहीत आणि शनिवारी संध्याकाळी धड उभं राहायलाही जागा नसते. एक तारा त्यापायी कापला.