‘निकोटीन शून्य’च्या स्टिकरखाली

मागच्या आठवड्यात भाच्याच्या बॅगेत निळी, बोटभर लांबीची नळी सापडली, ई-सिगारेटची. पोरगं अकरावीला आहे. बघून पोटात गोळाच आला. तसलीच नळी दीड वर्षापूर्वी मी नव्या पेठेतल्या एका मोबाईल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून घेतली होती, तीही सिगारेट सोडायची म्हणून. तेव्हा काय झालं ते सगळं बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. बावीस वर्षांचं व्यसन, दिवसाला दहा-बारा सिगारेटी. आईनं जन्मभर विड्या वळल्या, दिवसाला हजार-हजार. घरात कायम तेंदूच्या पानांचा वास आणि तंबाखूची धूळ. त्याच पैशावर आम्ही शिकलो, आणि मला ओढताना बघून सगळ्यात जास्त रडली ती तीच. रात्रीचा खोकला थांबेना तेव्हा मनाशी पक्कं केलं.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी जाहिरात पाठवली होती. दुकानात गेलो. ‘‘अण्णा, यात तंबाखू नाही, निकोटीन शून्य. नुसती फळाची वाफ. महिन्यात सिगारेट सुटते बघा.’’ किंमत अठराशे. बिल मागितलं तर म्हणाला, बाहेरचा माल आहे, बिल येत नाही. कव्हरं, चार्जर सगळं काचेत मांडलेलं, पण हा डबा त्यानं गल्ल्याखालून काढला. ते मी डोळ्यांनी बघितलं आणि तरी पैसे दिले.

पहिले पंधरा दिवस सिगारेट दोनावर आली. आईला सांगितलं, तिनं सिद्धेश्वराला नारळ फोडला. पण सिगारेट पाच मिनिटांत संपते, विझवावी लागते. या नळीला संपणंच नाही. अंथरुणात, बाथरूममध्ये, कारखान्याच्या जिन्यात, हात सारखा खिशाकडे. दोन महिन्यांत तीन नळ्या झाल्या. एक दिवस ती घरी विसरलो आणि अकरा वाजेपर्यंत डोकं ठणकायला लागलं, आकडे जुळेनात, एका कामगारावर विनाकारण ओरडलो. नुसती फळाची वाफ असेल तर असं का व्हावं?

चुलतभावाचं मेडिकल आहे. त्याच्यासमोर डबा ठेवला. त्यानं तो उजेडात तिरका धरला, ‘निकोटीन शून्य’ लिहिलेल्या स्टिकरचा कोपरा नखानं उचलला आणि हळूच सोलला. खाली छापलं होतं, पाच टक्के. म्हणजे दर मिलिलिटरला साधारण ५० मिलिग्रॅम निकोटीन. युरोपीय संघात अशा द्रवाला २० ची मर्यादा आहे. तंबाखूचं पान नव्हतं हे खरं, पण व्यसन लावणारा पदार्थ सगळा त्यात होता. सोडायला गेलो आणि जास्तच अडकलो.

दुकानात परत गेलो तर तो मला ओळखेना. ‘‘बिल दाखवा.’’ मग आवाज खाली करून, ‘‘पोलिसात जाणार? तुमच्याकडेच सापडलंय, तुम्हीच अडकाल.’’ घाबरून मी गप्प बसलो. हा धंदा चालतो तो याच भीतीवर. ई-सिगारेटचं उत्पादन, विक्री, जाहिरात, साठा या सगळ्यावर २०१९ पासून देशभर कायद्याने बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. बंदी आहे म्हणूनच बिल नाही, आणि बिल नाही म्हणून आत काय भरलंय याला कुणी जबाबदार नाही. तेव्हाच तक्रार केली असती तर तेच दुकान आज भाच्याला सापडलं नसतं, ही बोच जात नाही.

‘हर्बल’ सिगारेटही एकानं सुचवली होती. तीही नको. तंबाखू नसला तरी पान जळलं की डांबर आणि कार्बन मोनॉक्साईड आलंच.

शेवटी सिगारेटच्या पाकिटावरच छापलेल्या १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर फोन केला. डॉक्टरांना विचारून दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम घेतला, मेडिकलमधून, बिलासकट. तो च्युइंगगमसारखा सलग चघळायचा नसतो. चार-सहा वेळा चावून तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा, असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहाही नाही. मला सुरुवातीला हे माहीत नव्हतं, नुसत्या उचक्या लागल्या. चार महिन्यांनी गमही सुटला.

भाच्याला ओरडलो नाही. त्याची नळी आणि माझा तो जुना डबा शेजारी ठेवले. त्याच्या डब्यावरही तसंच स्टिकर होतं. म्हटलं, तूच सोल.