प्रेझेंटेशन: वाचून दाखवावं, पाठ करावं की मुद्द्यांवर बोलावं?

दहा मिनिटं बोलायचं म्हणजे साधारण हजार-बाराशे शब्द. समोर माणसं बसलेली असताना ते आणायचे कुठून, हे स्लाइड करायला बसण्याआधीच ठरवलेलं बरं, कारण तयारीचा सगळा वेळ त्यावर अवलंबून असतो.

वाचून दाखवण्यात चूक होत नाही. शब्द इकडचा तिकडे होऊन चालणार नसेल, उदाहरणार्थ कायदेशीर बाब, अधिकृत निवेदन किंवा कुणाचं अवतरण, तर बिनधास्त वाचा. अडचण अशी की आपण लिहितो एका भाषेत आणि बोलतो दुसऱ्या. ‘सदर उपाययोजनेमुळे पाणीवापरात लक्षणीय घट झाल्याचे निदर्शनास आले’ हे कागदावर खपून जातं. ऐकणाऱ्याला मात्र ‘मीटर बसवले आणि पाणी कमी लागायला लागलं’ एवढंच हवं असतं. वाचायचंच असेल तर आधी मोठ्याने बोला, मग तसंच लिहून काढा. अक्षर मोठं ठेवा, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर घ्या आणि मजकूर पानाच्या वरच्या अर्ध्या भागातच ठेवा, म्हणजे मान फार खाली जात नाही.

पाठ करणं छोट्या, घड्याळावर चालणाऱ्या प्रसंगांना शोभतं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘थ्री मिनिट थीसिस’ स्पर्धेत संशोधक विद्यार्थ्यांना आपलं संशोधन सांगायला एकच स्थिर स्लाइड आणि तीन मिनिटं मिळतात. वेळ ओलांडली की स्पर्धक बाद. तिथे शब्द न् शब्द पक्का असलेला फायद्याचा. वीस मिनिटांसाठी मात्र मी हा सल्ला देणार नाही. पाठ केलेलं साखळीने आठवतं: एक वाक्य निसटलं की पुढची तीन येत नाहीत. त्यात कुणी मध्येच प्रश्न विचारला की गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावरून सोडावी लागते.

उरला तिसरा मार्ग, बहुतेकांसाठी हाच: मुद्द्यांवर बोलणं. हाताच्या पंजाएवढं कार्ड पुरतं. पण नुसते मथळे लिहू नका. ‘गळती’ एवढाच शब्द ऐनवेळी काही आठवू देत नाही. ‘गळती कुठे? – फोटो – आधीचं बिल, नंतरचं बिल – मग सगळीकडे मीटर का नाही?’ अशी ओळ असेल तर बोलणं आपोआप पुढे सरकतं. ओळीतला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण माणसं मुद्द्यात कमी आणि दोन मुद्द्यांच्या मध्ये जास्त अडखळतात. या पद्धतीचा खरा तोटा म्हणजे पाल्हाळ. म्हणून वेळ कमी पडला तर कोणता मुद्दा गाळायचा, त्यावर आधीच खूण करून ठेवा.

‘मला उत्स्फूर्त जमतं’ म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये लिहून आणलेला मजकूर मध्येच सोडला आणि ‘माझं एक स्वप्न आहे’ म्हणत बोलायला सुरुवात केली. पण तोच धागा त्यांनी दोन महिने आधी डेट्रॉइटच्या सभेतही घेतला होता.

स्लाइडवर सगळं लिहून तेच वाचणं हा चौथा प्रकार सर्रास चालतो, आणि माझ्या मते तो सगळ्यात वाईट. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांत दिसलं, की चित्र दाखवत बोलताना तेच शब्द पडद्यावरही उमटले तर समजायला मदत होण्याऐवजी अडथळा होतो. श्रोत्यांना तुमची भाषा परकी असेल तर मात्र पडद्यावरचे शब्द उपयोगी पडतात.

या पद्धतींची सरमिसळ करायला काहीच हरकत नाही. पहिली दोन वाक्यं पाठ, कारण घसा तेव्हाच कोरडा पडतो. शेवटचं वाक्यही पाठ, नाहीतर ‘तर… एवढंच’ म्हणून बसावं लागतं. आकडे आणि अवतरणं कागदावरून, बाकी सगळं कार्डावरून. तालीम उभं राहून, मोठ्याने आणि घड्याळ लावून करा. मनातल्या मनात केलेली तालीम नेहमी वेळेत संपते.